उशिराचं कारण

१४ ऑक्टोबर

कुराहाशी-सान यांस,

पत्राची सुरुवात थंडीची चाहूल, अंगणातला पानगळीचा मेपल वगैरेने करायची असते. पण पाकिटावरचं नाव वाचून तुम्ही हे उघडलंत की चुलीत घातलंत हेच मला माहीत नाही, तेव्हा हवापाणी राहू दे.

मी तोकिए मिनेगिशी. शाळेच्या फाटकासमोरचं वह्या-पेन्सिलींचं दुकान. तुमचा पत्ता नर्स हामासाकी-सानकडून घेतला. त्या म्हणाल्या, "बेटावर संत्र्याची बाग करतात. फोन उचलत नाहीत. पण पत्र अजून एकही परत आलेलं नाही." एवढ्या आधारावर लिहायला बसले आहे.

वस्तीतल्या मुलांवर लक्ष ठेवणारी बिनपगारी बालसेविका मी अजूनही आहेच. दर तीन वर्षांनी म्हणते, आता दुसरं कुणी बघा, आणि दर तीन वर्षांनी सगळे खाली माना घालून चहा पितात.

नऊ वर्षं झाली. त्या मुलाबद्दल या गावात कुणी बोलत नाही. त्याच्या दारातून तुम्ही "आजीकडे गेलाय" एवढं उत्तर घेऊन परतलात, सहा दिवसांनी त्याचा जीव गेला, आणि बालकल्याण केंद्राची नोकरी सोडून तुम्ही गावातून गेलात. वर्तमानपत्रात फोटो तुमचा एकट्याचा आला. आमच्यापैकी कुणाचाच आला नाही.

पण हे सांगण्यासाठी पत्र लिहायला घेतलं नव्हतं. निदान आज तरी नाही.

शनिवारी दुकानात तिसरीतली एक मुलगी आली. तिचं नाव लिहीत नाही, गुप्ततेच्या शपथेने मी अजून बांधलेली आहे. तिला कात्री हवी होती.

"कुठली देऊ?"

"सगळ्यात छोटी. एवढ्याशा हाताची." तिने बोटांच्या चिमटीत दाखवलं.

"कुणासाठी गं?"

"बाहुलीसाठी."

"अगंबाई, तुझी बाहुली कात्री चालवते?" मी हसले. ती हसली नाही. टोकं गोल असलेली कात्री उचलून तिने स्वतःच्या बोटावर घासून पाहिली, लागत नाही ना म्हणून. मग निघून गेली.

सोमवारी मी अरितोमीला फोन केला. ही पोरगी नगरकार्यालयाच्या बालविभागात आहे. वय एकोणतीस, बोलणं तोंडावर. 'एक कात्री विकली' हे सांगायला फोन करताना माझी मलाच लाज वाटली. म्हटलं, "काही नाही गं, म्हातारीची बडबड समज."

ती म्हणाली, "तोकिए-सान, मला बडबडच हवीय. शहाणपण सगळेच आणून देतात."

तुमची,
तोकिए


६ नोव्हेंबर

कुराहाशी-सान,

पत्र परत आलं नाही. म्हणून पुन्हा.

आज बैठक होती. तीच खोली, नगरकार्यालयाचा दुसरा मजला, दारात त्याच हिरव्या सपाता. आपल्या वेळच्या बैठका आठवतात? सहा महिन्यांतून एकदा. शाळा, पोलीस, आरोग्य, तुमचं केंद्र, सगळे रांगेने बसायचे. चाळीस मुलांची यादी आणि नावामागे दोन मिनिटं. "बदल नाही." "बदल नाही." "पुढचं." तो मुलगा यादीत एकतिसावा होता.

आज अरितोमी उठली आणि म्हणाली, "आज एकच घर."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. आठ माणसं कामं टाकून आलेली, आणि एक घर!

"निष्कर्ष कुणी सांगायचा नाही," ती म्हणाली. "काय पाहिलं, काय ऐकलं, तेवढंच. क्षुल्लक असलं तर आधी सांगा."

कात्रीवाल्या मुलीचं घर. तिला आता थोरली म्हणते, का ते पुढे कळेलच. बंदराच्या मागच्या गल्लीतली दुमजली चाळ, वरची खोली. कागदोपत्री माणसं दोन, आई आणि मुलगी. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या प्रांतातून आलेल्या. आई मासळीच्या कारखान्यात कामाला. तक्रार कसलीच नाही.

वर्गशिक्षिका म्हणाल्या, "जेवणातला अर्धा पाव ती रोज दप्तरात लपवते. विचारलं तर म्हणते, कबुतरांना."

चौकीवरचा तोदोरोकी बोलला. हा माणूस दाराच्या चौकटीत जेमतेम मावतो. "खालच्या मजल्यावरचे आजोबा तक्रार घेऊन आले होते. दिवसा डोक्यावर कुणीतरी धावतं म्हणे. थप थप थप, आणि एकदम थांबतं. दोनदा जाऊन आलो. दार बंद. आई कामावर, मुलगी शाळेत. मी आजोबांना म्हटलं, आजोबा, कान तपासून घ्या." एवढं बोलून त्याने आपली मोठी मान खाली घातली.

पाणीखात्याचा माणूस पहिल्यांदाच आला होता, बिचारा खुर्चीच्या कडेवर बसलेला. म्हणाला, "मी मीटर वाचतो फक्त. हाक मारली, घरात कुणी नव्हतं. पण काटा फिरत होता. वाटलं, गळती. लिहायला पेन काढलं तर थांबला. गळती अशी थांबत नाही हो."

मी कात्रीचं सांगितलं.

मग हामासाकी-सान. पस्तीस वर्षं गावातल्या प्रत्येक बाळाला टोचलेल्या बाई. "दोन वर्षांपूर्वी ती आई लसीच्या टेबलाशी आली होती. 'मैत्रिणीसाठी विचारतेय,' म्हणाली, 'ज्या बाळाची नोंद कुठेच नाही, त्याला लस मिळते का?' मी म्हटलं, आधी नोंद करा की. अर्ज काढायला पाठ वळवली. पुन्हा बघते तर ती नव्हती."

फळ्यावर अरितोमीने त्या घरातल्या दोन माणसांचे दोन गोल काढले होते. तिने खडू उचलला आणि खाली तिसरा काढला. लहान. आत काहीच लिहिलं नाही.

शिक्षिका पुटपुटल्या, "मला वाटत होतं, हिलाच जेवण पुरत नाही."

कुराहाशी-सान, त्रेसष्ट वर्षांच्या आयुष्यात मी देवळं पाहिली, जत्रा पाहिल्या, एकदा भूकंपात रस्ता दुभंगताना पाहिला. पण आजच्यासारखं काही पाहिलं नाही. पाच जणांनी आपापल्या खिशातली एकेक चिंधी टेबलावर टाकली आणि त्या चिंध्यांमधून एक जिवंत मूल उठून बसलं. त्याला कुणी पाहिलेलं नाही. त्याचा जगात कुठे कागद नाही. आणि आठ माणसं श्वास धरून त्याच्याकडे बघताहेत. माझ्या हातावरचे केस उभे राहिले, ते अजून पुरते बसलेले नाहीत.

चिंध्या तेव्हाही होत्या. तुम्ही दारोदार जाऊन मागत होतात.

त्याविषयी आज नाही.

शुक्रवारी सकाळी जायचं ठरलं आहे. सगळ्यांनी मिळून.

तोकिए


८ नोव्हेंबर

शुक्रवार उजाडायची वाट बघावी लागली नाही. काल सकाळी थोरली शाळेत आली नाही. आपल्या वेळी गैरहजेरीला तीन दिवस थांबायचा नियम होता. काल घंटा झाल्यावर दहाव्या मिनिटाला शिक्षिकेने अरितोमीला कळवलं, आणि अकराच्या आधी आम्ही त्या जिन्यात उभे होतो. अरितोमी, हामासाकी-सान, तुमच्या केंद्रातली एक तरुण बाई आणि मी. मला कशाला नेलं? पोर माझा चेहरा ओळखते म्हणून. तोदोरोकी गणवेश उतरवून, घरचा जुना स्वेटर घालून खाली कोपऱ्यावर थांबला. तेवढ्या देहाला लपायला कोपरा पुरत नव्हता, ते सोडा.

अरितोमीने दार वाजवलं. साखळी तशीच ठेवून फट उघडली. फटीत थोरली.

"आई कामावर गेलीय."

कारखान्यात अरितोमीने आधीच विचारून घेतलं होतं. आई दोन दिवस गेली नव्हती.

"बरं," अरितोमी म्हणाली. "मग आम्ही इथे बसतो." आणि खरंच जिन्याच्या पायरीवर बसली, थंडगार सिमेंटवर. दार लागलं. आम्हीही बसलो. पाच मिनिटं गेली. दहा गेली. मला सारखे तुम्ही आठवत होतात. तुमच्याबरोबर पायरीवर बसायला त्या दिवशी कुणीच नव्हतं. तुम्ही एकटे होतात आणि हातात उरलेल्या एकोणचाळीस मुलांची यादी होती.

अरितोमीने मला कोपराने ढोसलं. "बोला की काहीतरी, तोकिए-सान. एरवी तर थांबत नाही तुम्ही."

मला काय सुचणार? दाराला तोंड लावून म्हटलं, "पोरी, मी वह्यांच्या दुकानातली आजी. ती कात्री नीट चालते का गं? बाहुलीच्या हाताला बसली?"

मग अगदी दाराजवळून, खालच्या बाजूने आवाज आला.

"ती बाहुली नाहीये."

आणि साखळी सरकली.

आई गादीवर होती, तापाने फणफणलेली, श्वास लागलेला. हामासाकी-सान चपला काढायच्या आधीच तिच्यापाशी पोचल्या होत्या. आम्हाला पाहून तिने उठायचा प्रयत्न केला आणि पहिलं वाक्य काय बोलली? "त्याला सांगितलं नाहीत ना?"

त्याला म्हणजे नवऱ्याला. मारायचा. पोटात दुसरं असताना थोरलीचा हात धरून पळाली होती. वाटेत परक्या गावी एका सुईणीकडे बाळंत झाली. जन्माची नोंद केली तर नवऱ्याच्या सरकारी कुटुंबनोंदीत बाळाचं नाव चढणार, मग तो माग काढत येणार, एवढं तिला कुणीतरी सांगितलं होतं. मारणाऱ्या नवऱ्यापासून पत्ता झाकून ठेवायची सोय त्याच नगरकार्यालयात, तळमजल्यावर तीन नंबरच्या खिडकीत आहे. ते मात्र कुणी सांगितलं नव्हतं. चार वर्षं, कुराहाशी-सान. तीन नंबरची खिडकी.

थोरलीने अंथरुणाच्या कपाटाचा सरकता दरवाजा उघडला. आत घड्या घातलेल्या रजयांवर धाकटी बसली होती. चार वर्षांची, अंगाने अडीचची. केस स्वच्छ विंचरलेले. दोन्ही हात स्वतःच्या तोंडावर दाबलेले, आणि डोळ्यांतून पाणी वाहतंय. रडत होती. आवाजाशिवाय. हुंदका नाही, मुसमुस नाही. खांदे हलत होते आणि खोलीत काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. मोठ्या माणसाला जमणार नाही असं रडणं त्या पोरीने शिकून घेतलं होतं.

भिंतीवर तिने कातरलेले कागदाचे मासे चिकटवले होते. शंभर तरी असतील. कोणी शिकवलं म्हणून विचारलं तर थोरली म्हणाली, "मी शाळेत शिकते ना, ते सगळं घरी येऊन हिला शिकवते. तिला अक्षरं येतात. बेरीजसुद्धा येते."

आठ वर्षांची पोर. आम्ही आठ मोठ्या माणसांनी मिळून जे केलं नाही ते ती एकटी तीन वर्षं करत होती.

तोकिए


२५ नोव्हेंबर

कुराहाशी-सान,

आईचा न्यूमोनिया उतरतो आहे. पोरी तोवर केंद्राच्या घरात आहेत, एकाच खोलीत, त्यासाठी अरितोमी भांडली. आईला त्या दिवशी वाटलं, आम्ही मुलं हिसकावायला आलो. हामासाकी-सान रोज इस्पितळात जाऊन तिच्याशी बोलतात. बोलणीही खातात. "नोंद करा म्हणून पाठ वळवणाऱ्या तुम्हीच ना?" असं तिने विचारलं. "मीच," म्हणाल्या आणि सफरचंद सोलत बसल्या.

त्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं. रुग्णवाहिका गेली आणि धाकटीला आम्ही खाली आणलं. ती माझ्या कडेवर होती, वजन मांजराएवढं. गल्लीच्या तोंडाशी आलो की बंदर दिसतं, तुम्हाला माहीत आहे. वारा होता, धक्क्यावर लाटा आपटत होत्या. तिचं अंग एकदम ताठ झालं. तीन वर्षं ती त्या पाण्यापासून हाकेच्या अंतरावर राहिली होती, पण ते कधी पाहिलं नव्हतं. माझ्या कानाला तोंड लावून कुजबुजली, "तो आवाज ह्याचा?"

"हो. समुद्र तो."

बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "एवढा आवाज करतो. त्याला कुणी रागवत नाही?"

तोदोरोकी शेजारून चालला होता. तिथेच रस्त्यात थांबला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. मीही समुद्राकडे पाहिलं. जन्मापासून या गावात आहे. त्या दिवशी मलाही तो पहिल्यांदा दिसला म्हणा ना. एवढा मोठा, एवढा गाजणारा, आणि त्याला कुणी गप्प करू शकत नाही.

आता ते दुसरं. तीन पत्रं टाळलं.

नऊ वर्षांपूर्वीच्या जानेवारीत तुम्ही माझ्या दुकानात आला होतात. टोपीवर बर्फ होतं. विचारलंत, "मिनेगिशी-सान, त्या घरातल्या मुलाचं काही पाहिलंत? काहीही, क्षुल्लकसुद्धा." मी म्हटलं, "नाही बाई."

पाहिलं होतं. आदल्या दिवशी सकाळी तो दुकानाच्या मागच्या दारी उभा होता, बर्फात अनवाणी. मी त्याला आत घेतलं, पाय पुसले, वाफाळलेला मांसाचा पाव दिला. त्याने तो दोन घासांत संपवला. मनगट सुजलं होतं. "सांगू नका हं," म्हणाला. त्याची आजी आमच्या महिला मंडळाची अध्यक्ष. माझ्याशी चांगली वागायची. मला वाटलं, बापलेकाचं काही झालं असेल, आपण कशाला चव्हाट्यावर आणा. मी त्याला घरापर्यंत पोचवलं. स्वतः. दारात सोडलं आणि नमस्कार करून आले.

तुम्हाला "नाही" म्हटलं. चौकशीतही "नाही" म्हटलं. आणि नंतरच्या बैठकीत, सगळ्यांसमोर, तुमच्याकडे बघून मी बोलले, "माणूस दारातून परत येतोच कसा?"

ते वाक्य तुम्ही विसरला नसाल. मीही नाही. तुमच्या हातात माझी एक चिंधी असती तर तुम्ही परत आला नसतात. हे मी नऊ वर्षं जाणते. उत्तराची अपेक्षा नाही.

मिनेगिशी तोकिए


१९ फेब्रुवारी

कुराहाशी-सान,

तुमचं कार्ड मिळालं. दोनच वाक्यं. "वाचलं. धाकटीची नोंद झाली का?" दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. मी कार्ड गल्ल्याखाली ठेवलं आणि त्या माणसाला खोडरबराऐवजी टाचण्या बांधून दिल्या.

झाली. आज झाली. म्हणून तातडीने लिहिते.

आई महिन्यापूर्वी घरी आली, पोरीही. पत्ता झाकला गेला आहे. त्या घराची आठवड्याची पाळी ठरली आहे. सोमवारी हामासाकी-सान, बुधवारी शाळा, शनिवारी मी. तोदोरोकीची पाळी नाही, पण तो रोज जातो. खालच्या आजोबांची माफी मागायला म्हणून गेला होता, आता तिथे बुद्धिबळ खेळतो आणि दर वेळी हरतो. वरून थप थप थप आलं की आजोबा त्याला विचारतात, "काय रे, कान तपासू का?"

आज सकाळी आम्ही नगरकार्यालयात गेलो. नोंदणीच्या खिडकीवर कुवाबारा अजून आहे, तोच, एक रेघ वाकडी गेली तर अर्ज परत करणारा. आईने सुईणीचा दाखला काढला. चार वर्षं जपलेला, घड्यांवर चिरलेला. त्याच्या डाव्या अंगाला बाळाचं नाव लिहायची जागा कोरी होती. तिने ते नाव लिहिलं. अक्षर सुंदर.

कुवाबाराने चष्म्यातून वाचलं आणि दुसरा कागद पुढे सरकवला. जन्माची नोंद चौदा दिवसांत व्हायला हवी. उशीर झाला तर कारण लिहून द्यावं लागतं. 'उशिराचे कारण.' ओळी सहा.

अरितोमी म्हणाली, "मी मदत करू? नवरा, मारहाण, तारखा, सगळं आहे माझ्याकडे."

आईने नको म्हणून मान हलवली. मग पहिल्या ओळीवर लिहिलं, 'भीती वाटत होती.' आणि पेन खाली ठेवलं.

पाच ओळी कोऱ्या. मी कुवाबाराकडे बघत होते. अरितोमी तर भांडायला तोंड उघडून तयार होती. त्याने ते वाचलं. पुन्हा वाचलं. चष्मा काढून पुसला. मग शिक्का उचलला, शाईच्या गादीवर नीट दाबला आणि मारला. सरळ, एकही कड न फाटता.

त्यानंतर त्याने जे केलं ते मी त्या इमारतीत कधी पाहिलेलं नाही. खुर्चीवरून उठला, फळी वर करून बाहेर आला आणि धाकटीपुढे गुडघ्यांवर बसला. तिचं नाव आडनावासकट पूर्ण वाचून दाखवलं. म्हणाला, "आजपासून हे आमच्याकडे लिहिलेलं आहे. आग लागली तर दुसरी प्रत आहे. पूर आला तर तिसरी राजधानीत आहे. कुणालाही पुसता येणार नाही." आणि तिला वाकून नमस्कार केला, मोठ्या माणसाला करतात तसा.

मागच्या टेबलांवरची माणसं एकेक करून उभी राहिली. कुणी सांगितलं नव्हतं. पाणीखात्याचा तो मीटरवाला काही कामाने आला होता, तोही कोपऱ्यात टोपी काढून उभा. धाकटीने सगळ्यांकडे पाहिलं, मग बहिणीकडे. थोरलीने डोळ्यांनी खूण केली आणि धाकटीही वाकली, इतकी की तोल जाऊन कपाळ कुवाबाराच्या गुडघ्यावर आपटलं.

दुपारभर मी दुकानात बसून होते. त्या सहा ओळी डोळ्यांसमोरून जाईनात. मला नऊ वर्षं उशीर झाला, कुराहाशी-सान. माझ्या कागदावर मी पुष्कळ काही लिहिलं असतं, आजी, महिला मंडळ, गल्लीतले संबंध. पण खरं कारण त्या बाईने लिहिलं तेच आहे आणि त्याला एकच ओळ लागते.

येत्या रविवारी सकाळच्या बोटीने मी तुमच्या बेटावर येते आहे. दार उघडायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी पायरीवर बसेन. परतीची बोट साडेचारला आहे, असं वेळापत्रकात पाहिलं. तोवर उठणार नाही.

तोकिए